नव्या पुलाच्या निविदेत नदीसाठीही एक बाब लिहा : पुलांची कामे करणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
कोकणातील जुने पूल पाडून नवे बांधण्याची कामे ज्यांच्या हाती आहेत ते सर्व कार्यकारी अभियंते, उपअभियंते, सल्लागार आणि ठेकेदार यांस,

विषय : पुलाचे काम चालू असताना नदी-ओढ्यांचे पाणी राखण्यासाठी निविदेत स्वतंत्र, मोजून पैसे देण्याजोगी बाब घालण्याबाबत.

महोदय, महोदया,

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने प्रवाशांसकट वाहून गेली. जून २०२५ मध्ये मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसह खाली आला. जुने पूल वेळीच बदलले पाहिजेत हे आपल्याला कोणी सांगावे अशी आता स्थिती नाही, आणि हे पत्र नव्या पुलांच्या विरोधात नाही हेही आरंभीच नमूद करतो, कारण नदीच्या पाण्याचा विषय काढला की ‘मग तुम्हाला पूल नको आहे का?’ असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. पूल हवा आहे आणि लवकर हवा आहे. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. मनावर घेतले तर ही यंत्रणा काय करू शकते ते आम्ही पाहिलेले आहे, आणि त्याच यंत्रणेला काम चालू असताना पुलाखालचे पाणी गढूळ होऊ न देणे जमणार नाही, असे मला वाटत नाही. ते होत नाही याचे कारण साधे आहे. त्याचे पैसे ठेकेदाराला कोणी देत नाही, त्यामुळे ते कोणाचेच काम नसते.

कोकणातल्या पुलांच्या कामाचे वेळापत्रक पावसाने ठरवून दिलेले आहे. दिवाळीच्या आगेमागे यंत्रे नदीत उतरतात आणि मे संपेपर्यंत पाया व खांब पाण्याबाहेर काढण्याची घाई चालते. पाणी कमी असते म्हणून हा काळ आपल्याला सोयीचा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने तो नदीला सर्वांत जड जाणारा आहे. सह्याद्रीवरून निघून थोड्याच अंतरात समुद्राला मिळणाऱ्या या नद्या जून ते सप्टेंबरात धो धो वाहतात. फेब्रुवारीनंतर मात्र एका डोहातून दुसऱ्या डोहात झिरपणारी एक धार तेवढी उरते. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे अवजल मिळते म्हणून वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती असते, पण तिचे भाग्य इतर नद्यांना नाही. ऑगस्टच्या पुरात चार डंपर माती मिसळली तरी नदी ती पोटात घेऊन समुद्रापर्यंत नेते. एप्रिलच्या धारेत एक डंपर माती पडली तर खालचा डोह महिनाभर लाल राहतो, कारण ती पातळ करायला वरून पाणीच येत नसते. याच महिन्यांत नदीकाठच्या वाड्यांना पाण्याचा दुसरा आधार नसतो, जनावरे त्याच डोहावर येतात, आणि नदीत जे काही मासे जिवंत राहिलेले असतात तेही त्याच डोहांत गोळा झालेले असतात.

आपल्या नकाशांवर पुलाच्या दोन्ही बाजूंचे रस्ते, विजेचे खांब, दूरसंचाराच्या केबली, कधी कधी एखादे देऊळही दाखवलेले असते. पुलाच्या खालच्या अंगाला असलेली गावाची जॅकवेल, म्हणजे पंपाने पाणी उचलण्यासाठी बांधलेली विहीर, मात्र मी त्यावर क्वचितच पाहिली आहे. कोकणातल्या कितीतरी नळपाणी योजना नदीकाठच्या विहिरीतून किंवा नदीपात्रातल्या जॅकवेलमधून पाणी उचलून थेट टाकीत चढवतात. तिथे गाळणी नसते, तुरटीचा टप्पा नसतो. पाणीपुरवठा कर्मचारी टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकतो आणि पाणी सोडतो. स्वच्छ पाण्यात ही पद्धत बऱ्यापैकी चालते. गढूळ पाण्यात ती चालत नाही, कारण क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय द्रव्यावर खर्ची पडतो आणि मातीच्या कणांच्या आड राहिलेले जंतू वाचतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ एनटीयूपर्यंत सवलत आहे. जांभ्याची बारीक लाल माती ढवळली गेल्यावर पाणी या मर्यादेच्या किती पुढे जाते, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. हंड्याचा तळ दिसेनासा होतो.

आमच्या खोऱ्यातल्या एका पुलाच्या कामावर मी हे जवळून पाहिले. गावाचे आणि काम करणाऱ्यांचे नाव लिहीत नाही, कारण तिथे जे झाले ते इतरत्रही सर्रास होते. नव्या खांबाच्या पायासाठी पात्रात मातीचा रिंगबांध घातला होता. आत कातळ लागेपर्यंत खोदाई चालू होती, पाझरून येणारे पाणी दोन डिझेल पंप उपसत होते आणि पंपांचे निळे पाइप बांधावरून पलीकडे, वाहत्या धारेत, सरळ सोडून दिलेले होते. पाइपाच्या तोंडाशी पाणी गेरूसारखे दाट दिसत होते. तिथून हाकेच्या अंतरावर गावाची जॅकवेल. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता : कामावरचे पंप रात्री बंद झाले की पहाटेपर्यंत पाणी थोडे निवळते, तेव्हा तो पहाटे मोटर लावायचा. पुढे काम दोन पाळ्यांत सुरू झाले आणि तोही मार्ग बंद झाला. साइटवरच्या तरुण अभियंत्याला मी विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर प्रामाणिक होते. उपशाचे पैसे दरात धरलेले आहेत, तो म्हणाला, पण उपसलेले पाणी कुठे सोडायचे ते कुठे लिहिलेले नाही.

उपाय त्या अभियंत्याला ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. काठावर एकापुढे एक असे दोन खड्डे खणून पहिल्यात उपशाचे पाणी घ्यायचे, ते निवळून दुसऱ्यात जाऊ द्यायचे आणि तिथून गवताळ जमिनीवर पसरवून सोडायचे. जागा नसेल तर जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणाऱ्या कापडाच्या, पिशवीतून गाळायचे. मातीच्या बांधाऐवजी वाळूच्या पोत्यांचा किंवा लोखंडी शीटपाइलचा (तळात ठोकलेल्या जाड पत्र्यांचा) बांध घालायचा आणि अर्धे पात्र मोकळे ठेवून अर्ध्यात काम करायचे. यांपैकी एकही गोष्ट नवी किंवा परदेशातून आणावी लागेल अशी नाही. खड्डा काढायला जेसीबी अर्धा दिवस चालवावा लागतो, एवढाच प्रश्न असतो.

आता वळणरस्त्याविषयी, कारण माझ्या मते नदीचे सर्वांत मोठे नुकसान नव्या पुलापेक्षा त्याच्या वळणरस्त्याने होते. जुना पूल बंद करायचा म्हणून शेजारून पात्रात ह्यूम पाइप (काँक्रीटच्या मोठ्या नळ्या) टाकतात, त्यांवर मुरूम-मातीचा भराव करतात आणि वाहतूक त्यावरून सुरू होते. भरावाला दगडी आवरण नसते, पाइप किती व्यासाचे आणि किती ओळी हे उन्हाळ्याची धार पाहून ठरवलेले असते. मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो आणि ‘पर्यायी रस्ता वाहून गेला’ ही बातमी येते, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येते. बातमीत अडकलेल्या प्रवाशांचे हाल असतात आणि ते असायलाच हवेत, पण वाहून गेलेले शेकडो घनमीटर मुरूम गेले कुठे, हे कोणी विचारत नाही. ते खालच्या डोहात गेले. डोह भरला की पुढच्या उन्हाळ्यात तिथे पाणी साठत नाही, आणि काठच्या विहिरीची पातळी नेहमीपेक्षा आधी खाली जाते.

या भरावाची दुसरी बाजू फक्त नदीकाठच्या माणसांच्या लक्षात येते. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर निघतात, ओहोळांत, पऱ्यांत, थेट भातखाचरांत शिरतात. ह्यूम पाइपाच्या खालच्या तोंडाशी पाण्याच्या झोताने खळगा पडतो, पाइप पाण्याच्या वर लोंबकळत राहतो आणि आतून येणारे पाणी इतके वेगाने येते की लहान माशांना ते चढता येत नाही. तिथे थबकलेले मासे लोक टोपलीने धरतात, याला मी दोष देत नाही. पण जो मासा चढला नाही त्याची पिढी त्या वर्षी त्या नदीत होत नाही. महाड तालुक्यात वाळण कोंडीतले मासे देवीच्या श्रद्धेने आजवर राखले गेले आहेत. प्रत्येक डोहाला असा देवाचा आधार नाही, त्यामुळे निदान पाइपाची तळपातळी पात्राच्या तळाखाली ठेवावी, एवढी एक ओळ आराखड्यात आली तरी पुष्कळ काम होईल. जिथे रहदारी जास्त आणि पात्र अरुंद आहे तिथे बेली पुलाचा, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभारायच्या तात्पुरत्या पुलाचा, विचार व्हावा. तो महाग पडतो हे मान्य, पण दरवर्षी वाहून जाणारा भराव आणि त्याची दुरुस्ती यांचा हिशेब एकत्र मांडूनच ते ठरवावे.

चिपळूणकरांना यात एक विसंगती लगेच दिसेल. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तिथल्या लोकांनी आंदोलन करून वाशिष्ठी आणि शिव या नद्यांमधला गाळ काढायला शासनाला भाग पाडले. गाळ उपसायला यंत्रणा लागली, डिझेल लागले, तो टाकायला जागा शोधावी लागली, आणि हे काम एका उन्हाळ्यात संपणारे नव्हते. एका खात्याने पैसे खर्चून नदीतून गाळ काढायचा आणि त्याच खोऱ्यात वरच्या अंगाला दुसऱ्या कामाने मुरूम नदीत लोटायचे, हा हिशेब कुठल्या अंदाजपत्रकात बसतो ते आपणच सांगावे.

जुना पूल पाडण्याबाबत थोडक्यात लिहितो. ब्रेकर लावून कमान खाली पात्रातच पाडणे सर्वांत स्वस्त असते, आणि पाडलेले सगळे उचलले गेले की नाही हे पावसानंतर कोणी पाहत नाही. अर्धवट तोडलेले जुने खांब नव्या खांबांच्या शेजारी तसेच राहिले तर पुरात त्यांना झाडे अडकतात आणि पाण्याचा फुगवटा वाढतो. नवा पूल बांधून आपण पुराची जुनी अडचण कायम ठेवतो. किमान एवढा क्रम पाळला जावा की आधी वरचा डांबरी थर खरवडून बाहेर न्यावा, मग कठडे काढावेत, आणि कमान किंवा स्लॅब पाडण्यापूर्वी खाली फळ्यांचा मंच किंवा जाळी असावी. लोखंडी पुलांवर जुना शिसेयुक्त रंग असण्याची शक्यता असते. तो घासून काढलेला भुगा पाण्यात पडू देणे म्हणजे शिसे पाण्यात सोडणे होय.

सिमेंटच्या पाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ते डोळ्यांना फारसे घाण दिसत नाही. ट्रान्झिट मिक्सर रिकामा झाला की चालक नदीकाठीच ड्रम आणि चूट धुतो. पाणी तिथेच असते, त्यालाही दोष कसा द्यावा? या धुवणाचा सामू (पीएच) १२ च्या आसपास असतो. नदीतल्या जीवांना आणि पिण्याच्या पाण्यालाही मानवणारी मर्यादा ६.५ ते ८.५ आहे, आणि सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक अंकागणिक तीव्रता दहापट होते, हे लक्षात घेतले म्हणजे आटलेल्या डोहात एका मिक्सरचे धुवण काय करते ते समजते. माशांचे कल्ले भाजतात आणि ते काठाला येऊन उलटतात. गावात मग कोणीतरी विष टाकले असा बोभाटा होतो. खाडीच्या जवळ, जिथे चिखल खोल आहे आणि पाइल (जमिनीत खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतात, तिथे बेंटोनाइटचा, म्हणजे पाइलचे भोक ढासळू नये म्हणून वापरायच्या चिकणमातीचा, राडा ही आणखी एक भर. काँक्रीट खालून वर भरत आले की वापरलेले बेंटोनाइट सिमेंटसह बाहेर येते आणि भरतीच्या भरवशावर खाडीत सोडले जाते. मिक्सर धुण्यासाठी प्लास्टिकचा कागद अंथरलेला एक खड्डा आणि बेंटोनाइटसाठी बंदिस्त टाकी व ते उचलून नेणारा टँकर, हे दोन्ही अंदाजपत्रकात धरता येण्याजोगे खर्च आहेत.

कायद्याचे काय, असे आपण विचाराल. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ ने प्रवाहात प्रदूषक द्रव्य सोडायला मनाई केली आहे. त्याच कलमाच्या पोटकलम (२) मध्ये पूल, बांध, धक्का यांसारखी कामे ज्याला करण्याचा अधिकार आहे त्याने ती केली ‘एवढ्याच कारणावरून’ तो दोषी ठरत नाही, अशी सूट आहे. ही सूट पूल बांधण्याला आहे; बांधताना सोडलेल्या सिमेंटच्या पाण्याला ती लागू होते असे मला तरी वाचताना दिसत नाही, आणि काठ सावरण्यासाठी टाकलेला भरावसुद्धा पाणी दूषित करणारा नसावा अशी अट त्याच पोटकलमात पुढे आहे. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निघणाऱ्या कामांना स्थानिक संस्थेकडून आराखडा मंजूर करून घ्यायला लावले होते, आणि २०२५ मध्ये त्यांच्या जागी येणारे नवे नियमही जाहीर झाले. एकट्यादुकट्या पुलाच्या पुनर्बांधणीला पर्यावरण मंजुरी लागत नाही. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर सागरी किनारा नियमनाचा धाक असतो, त्याच्या वर मात्र विचारणारे कोणी नसते.

तरीही कायद्यापेक्षा मला आपल्या रोजच्या कागदपत्रांवर अधिक भरवसा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रस्ते व पूल कामांच्या मानक विनिर्देशांत कलम १११ पर्यावरणाच्या रक्षणाविषयी आहे, कलम २०२ जुने पूल व मोऱ्या पाडण्याविषयी आहे आणि कलम ३०६ मातीची धूप व गाळ रोखण्याविषयी आहे. हे विनिर्देश निविदेचा भाग असतात, त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या असतात. अडते ते पुढे. निविदेतल्या कामांच्या व दरांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल बी मध्ये, खोदाई घनमीटरात आहे, सळई मेट्रिक टनात आहे, काँक्रीट ग्रेडनुसार आहे, आणि नदीचे रक्षण मात्र ‘इतर सर्व अनुषंगिक कामांसह’ या शब्दांत बुडालेले आहे. ज्याची मोजमाप पुस्तकात नोंद नाही ते काम सर्वांत कमी दराची निविदा भरणारा ठेकेदार करणार नाही. त्याने केले तर तो तोट्यात जाईल आणि न करणारा त्याच्या पुढे जाईल. हा नीतिमत्तेचा प्रश्न नाही, दराचा आहे.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की शेड्यूल बी मध्ये नदीसाठी स्वतंत्र बाबी असाव्यात : निवळखड्डे प्रत्येकी नगावर, गाळ अडवणारा पडदा मीटरवर, मिक्सर धुण्याचा खड्डा नगावर, बेंटोनाइट बाहेर नेणे घनमीटरवर, वळणरस्त्याचा भराव काढून नेणे घनमीटरवर. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण भराव टाकायचे पैसे मिळतात आणि काढायचे मिळत नाहीत, तोपर्यंत तो काढण्याचे काम पावसावरच सोडले जाईल. पूल पावसाआधी पुरा होत नसेल तर वळणरस्ता पुराला टिकेल असा दगड-गॅबियनचा (तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांचा) करावा, नाही तर ३१ मेपर्यंत उचलून वाहतूक दुसरीकडून न्यावी. मधला मार्ग ठेवू नये. ईपीसी पद्धतीच्या कंत्राटात, म्हणजे आराखड्यापासून बांधकामापर्यंत सगळे एकाच ठेकेदाराकडे ठोक रकमेत असते तिथे, वेगळ्या बाबी नसतात, तिथे ‘पात्र पूर्ववत’ हा देयकाचा स्वतंत्र टप्पा धरावा आणि त्याचे पैसे पात्राचे आडवे छेद (काठापासून काठापर्यंत मोजलेल्या तळाच्या पातळ्या) कामाआधीच्या छेदांशी जुळल्यावरच द्यावेत. छेद घेणे आपल्याला नवे नाही, पुलाच्या आराखड्यासाठी ते आपण घेतच असता.

खर्च वाढेल, हे उत्तर मला अपेक्षित आहे. वाढेल. पण खड्डे, पोती आणि काही टँकर यांचा खर्च पुलाच्या रकमेपुढे किती असेल ते आपले अंदाजपत्रक तयार करणारे शाखा अभियंते एका दुपारात काढून देतील. तो आकडा पाहिल्यावर चर्चा करू. वेळ वाढेल, हे उत्तर मात्र मला पटत नाही. निवळखड्डा पहिल्याच दिवशी, यंत्र नदीत उतरण्याआधी काढायचा असतो, आणि त्यानंतर तो कोणाच्या वाटेत येत नाही.

राहता राहिला देखरेखीचा प्रश्न. प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रत्येक पुलावर माणूस पाठवावा अशी अपेक्षा मी करत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाण्याच्या तपासणीचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे आणि त्यांच्यासाठी तपासणीचे संच दिलेले आहेत. गढूळपणा आणि सामू या दोन्ही चाचण्या त्या करू शकतात. पुलाच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक असे दोन नमुने आठवड्यातून एकदा घेतले, तर फरक पडला तो कामामुळे की वरूनच पाणी तसे येते आहे, याचा वाद उरत नाही. त्यांना त्या दिवसाचा मेहनताना कामाच्या खर्चातून द्यावा, नोंदवही साइट ऑफिसमध्ये ठेवावी, आणि खालचा नमुना बिघडल्यास पात्रातले काम त्या दिवशी थांबवण्याचा अधिकार शाखा अभियंत्याला लेखी द्यावा. शंका आली तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतोच.

येत्या हंगामाच्या निविदा पावसाळ्यात तयार होतात. त्यांचे मसुदे अंतिम होण्यापूर्वी पुलाच्या खालच्या अंगाला असलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आपण एक पत्र पाठवावे आणि जॅकवेल, विहिरी, पाणवठे व डोह कुठे आहेत ते नकाशावर दाखवून मागावे, ही विनंती. उत्तर पंधरा दिवसांत आले नाही तर पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला फोन करावा. त्याला सगळे ठाऊक असते.

आपला विश्वासू,
कोकणातील एक नदीकाठचा रहिवासी